आकाशाची रेघ

"साहेब, या दगडाच्या पाठीला कुणीतरी तीन रेघा मारून ठेवल्यात. बुजवून टाकू?" गवंड्याने सहज विचारलं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला साहेबाचा पाय तिथेच राहिला. सकाळचे दहा वाजले होते. भूविज्ञान संस्थेच्या नव्या दालनात ओल्या गोणपाटांवर ती शिळा पालथी पडली होती, दारापेक्षा जरा बुटकी, चार माणसांनी मिळून उचलावी अशी. एकतीस वर्षं ती नमुन्यांच्या खोलीत प्लास्टरमध्ये पाठ रुतवून बसली होती. त्या पाठीला आज पहिल्यांदा उजेड लागत होता, आणि गवंडी छिन्नीने तिच्यावरचं प्लास्टर खपली काढावी तसं काढत होता. "कुठल्या रेघा?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती, पायरीवरूनच दिसत होत्या. एक लांब आणि तिच्या टोकाला दोन आखूड. बाण. "मी सांगेपर्यंत हात लावू नकोस," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच तुसडा निघाला, तेवढं बरं वाटलं.

संस्थेत त्याला सगळे पाटवाले म्हणत. तळमजल्यावरच्या लांबच लांब खोलीत काचेच्या भिंतींचा एक पाट होता. त्यात वाळू पसरायची, पाणी सोडायचं, आणि पाणी वाळूशी कसं वागतं ते बघत बसायचं, हे त्याचं काम. या महिनाअखेरीला निवृत्तीबरोबर ते संपणार होतं. म्हणून तर हा सगळा थाट. भिंतीवर निळा पडदा आधीच टांगला होता, आणि पडद्याशेजारी पितळी पाटी: 'लाटांनी कोरलेली कविता. शोध: आमचे पाटवाले.' ती पाटी त्याने काल पहिल्यांदा वाचली होती. कोरलेली म्हणे! लाट काही कोरत नाही. लाट कण उचलते आणि ठेवते. ठेवलेल्या कणाच्या आडोशाला दुसरा कण थांबतो, त्याच्या आडोशाला तिसरा, आणि बघता बघता वाळूला वळ्या पडतात. हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण संचालकांना कळायचं नाही. संचालकांनी आयुष्यात कधी पाण्यात हात घातला नव्हता, उंटावरून शेळ्या हाकण्यातच त्यांची हयात गेली. गोड माणूस. गोड माणसांचा त्याला विशेष तिटकारा होता. तो शिकाऊ मुलींना सांगे, पाण्याने झालेल्या लहरी आणि वाऱ्याने झालेल्या लहरी ओळखायची साधी खूण आहे. वाऱ्याच्या लहरींत जाडेभरडे कण वर चढून माथ्यावर बसतात, बारीक कण खाली राहतात. मग थोडं थांबून म्हणे, "आपल्या संस्थेत सगळा वाराच आहे." मुली हसत. काही न कळताच हसत, म्हणून त्याला मुलींचाही तिटकारा.

तीनच रेघा. तळमजल्याकडे जाता जाता त्याने मनात पुन्हा मोजल्या. नियम चार रेघांचा होता. खाणीतला दगड हलवायच्या आधी त्याच्या वरच्या अंगावर खूण करायची. तीन रेघांचा बाण उत्तरेकडे, आणि बाणाच्या बाजूला एक आखूड आडवी रेघ, आकाशाची. म्हणजे हे अंग आकाशाकडे होतं. बाण काय, कुणीही कुठल्याही अंगावर काढेल. आकाशाची रेघ नसेल तर त्या बाणाला कवडीची किंमत नाही. हा नियम त्या दोघांना संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, मोठ्या सरांनी शिकवला होता, त्याला आणि त्याच्या मेव्हण्याला. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, पण आधी मित्र. त्याच्याच घरी चहाला गेला असताना त्याने बायकोला पहिल्यांदा पाहिलं होतं. तर मेव्हण्याने तीनच रेघा मारल्या होत्या. चौथी विसरला. असाच होता तो, धांदरट, अर्धवट. खरी म्हणून धरली तरी ही खूण अपुरीच. असं म्हणत त्याने पाटाच्या खोलीचं दार उघडलं, आणि आपण 'धरली तरी' म्हणालो, म्हणजे ती खरी असेल हे कुठेतरी मानलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

पंप सुरू केला. पाणी काचेतून सरकायला लागलं, आधी नुसतं, वाळूला न दुखवता. मग एखादा कण उडी मारतो, थोडा पुढे पडतो. मग दुसरा. तो पस्तीस वर्षं हे बघत होता, आणि लहर नेमकी कुठल्या क्षणी होते ते त्याला एकदाही पकडता आलं नव्हतं. आता नसते, मग असते. एका बाजूने लांब सुस्त चढ, दुसऱ्या बाजूला तुटक उतार. शिकाऊ मुली मोबाइलवर फोटो काढतात. तो त्यांना म्हणतो, नीट बघा. बघता येत नसेल तर दुसरं काहीतरी करा, जगात कामं पुष्कळ आहेत, फरशा विका. हे शेवटचं वाक्य तो दरवर्षी म्हणे, आणि ते कुणाला उद्देशून आहे हे मुलींना कधीच कळत नसे. मेव्हणा फरशा विकत होता. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं, न्हाणीघराच्या फरशा, सैपाकघराच्या फरशा. त्यात एक निळसर नक्षी होती, वाळूच्या लहरींची. ती त्याने पाहिली तेव्हा दुकानाबाहेर उभा राहून तो एकटाच हसला होता. खऱ्या लहरी टाकून छापील लहरी विकणारा माणूस! आणि त्यातही माथा कुठला, खोलगा कुठला, छापणाऱ्याला पत्ता नव्हता.

माथा आणि खोलगा. सगळं त्यावरच तर होतं. उथळ तळ्याच्या काठी पाणी नुसतं मागेपुढे हलतं, तेव्हा ज्या लहरी होतात त्यांचे माथे टोकदार असतात आणि खोलगे गोल, वाटीसारखे. लाखो वर्षांनी त्या वाळूचा दगड झाला तरी हे बदलत नाही. टोकदार माथे ज्या अंगावर, ते अंग त्या काळी आकाशाकडे होतं. आता ते जमिनीकडे तोंड करून असेल, तर सगळा थर, सगळा डोंगरच कधीतरी उलथलेला आहे. मेव्हणा चार वर्षं त्या डोंगरावर चढत-उतरत होता, आणि त्याचं म्हणणं होतं, डोंगर उलटा आहे. चार वर्षांचे नकाशे, वह्या, सगळं त्या एका वाक्यावर उभं. पुरावा हवा होता, आणि तो या शिळेने दिला असता. त्या दिवशी दुपारी तो आणि मोठे सर गाडीने खाणीवर पोचले तेव्हा मेव्हणा खालच्या खड्ड्यावर गेला होता, आणि ही शिळा सुटी होऊन पडलेली, लहरी वर, टोकदार माथे उन्हात. वरच्या अंगावर खूण नाही. त्याला तेव्हा झालेला आनंद आठवला. "बघा सर, खूणसुद्धा केली नाही याने!" होकायंत्र काढून, पांढऱ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून त्याने स्वतः बाण काढला, शेजारी आकाशाची ठसठशीत रेघ, म्हणजे डोंगर सुलटाच. सर म्हणाले, हा तुझा हात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मेव्हण्याने वर पाठवलेल्या चार मजुरांनी शिळा गाडीत चढवली, आणि संध्याकाळच्या आत त्याने ती नमुन्यांच्या खोलीत प्लास्टरमध्ये बसवूनही टाकली. इतकी कशाची घाई होती? आज हा प्रश्न पाटातल्या पाण्याबरोबर येऊन काचेला थटला. तडा जाऊ नये म्हणून, त्याने स्वतःला सांगितलं. नेहमी हेच सांगत आला होता.

मेव्हणा दोन दिवसांनी आला. शिळेपुढे उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अरे, हे अंग खाली होतं. लहरी बघायला म्हणून मीच तो दगड उलथला. उलथायच्या आधी पाठीवर खूण केलीय मी, छिन्नीने." मोठ्या सरांनी शिळेकडे पाहिलं. पाठ प्लास्टरमध्ये. फोडायचं म्हटलं तर शिळा फुटायची. "एकदा फोडून बघू," मेव्हणा म्हणाला. "सर, फक्त बघू." तेव्हा हा पाटवाला म्हणाला होता, "दगडाला पाठ असते, तुझ्या बोलण्याला पोट तरी आहे का?" सगळे हसले होते. सरसुद्धा. मेव्हणा हसला नाही. दोन महिन्यांत मेव्हण्याचे नकाशे नामंजूर होऊन परत आले, तो संस्था सोडून गेला, आणि त्यानंतर भेटला तेव्हा 'अरे' गेलं होतं. 'या भावोजी. बसा भावोजी. तुम्ही कसे आहात?' एकतीस वर्षं अहो-जाहो, कपड्यावर फिरवलेल्या इस्त्रीसारखं. त्याला वाटे, हरलेल्या माणसाचा हा माज. मित्राला पाण्यात पाहायचं, आणि तोंडाने भावोजी.

आणि घरात ही. बायकोने त्याच वर्षी व्रत धरलं. पहाटे आंघोळ करून दिवा लावायचा, आणि तो आपणहून विझेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तेल घालायचं चमचाभर, त्यामुळे मौन चालायचं अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला तो मुद्दाम विचारी, माझे मोजे कुठायत, दूध आलं का, आणि ती बोटाने दाखवी. "कुणासाठी चाललंय हे? भावासाठी? देव नकाशे परत घेणार आहे का?" दिवा विझल्यावर ती हळू आवाजात म्हणे, "चहा टाकते." बस, इतकंच. तिच्या या हळू आवाजाचा त्याला सर्वांत जास्त राग येई. भांडली असती तर उत्तर होतं त्याच्याकडे. आज सकाळीही ती दिव्यापुढे बसली होती, पाठ ताठ, केस ओले, आणि तो बूट घालताना मोठ्याने म्हणाला होता, "चारला ये. पडदा उघडणार आहेत तुझ्या नवऱ्याच्या नावाचा. दादाला नको सांगूस, त्याला गिऱ्हाइकं असतील." तिने मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, त्याने पाहिलं नव्हतं.

बाराला गवंडी खाली आला. चष्म्यावर प्लास्टरची पिठी. "साहेब, काय करायचं त्या रेघांचं? वरनं माणूस येऊन गेला, दोनच्या आत बसवा म्हणतात."

"कुणी मारल्या असतील, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. गवंड्याला हा प्रश्न आपण विचारतो आहोत याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"कारागिराच्या आहेत," गवंडी म्हणाला. "ठोके एकसारखे आहेत. आमच्यातसुद्धा दगड हलवायच्या आधीच खूण करतात. एकदा उलथला की मग कोण कशाला सांगतोय, वर काय आणि खाली काय." मग डोकं खाजवून म्हणाला, "पण साहेब, दुसरी एक अडचण आहे. ते लहरींचं अंग आम्ही उचलून बघितलं. त्याला चकाकीचा हात द्यायचाय ना, तो आज धरायचा नाही. गोणपाटावर होतं ते. खालचं अंग किती वेळ ओलं राहतं, तुम्हाला माहीतच आहे. वरचं कसं, उन्हावाऱ्याने खडखडीत असतं. खालच्या अंगाला रंग लावा, नुसता घरंगळतो."

नुसता घरंगळतो. त्याने पंप बंद केला. ती गोष्ट तो प्रत्येक वर्गाला सांगत आला होता, हशा मिळवायला. मुलींनो, भर दुपार, खाण तव्यासारखी तापलेली, आणि मी ब्रश टेकवतो तर रंग दगडाला धरेचना! घरंगळून खोलग्यात जमायला लागला. शेवटी डोक्यावरची टोपी काढली, आणि मोठे सर एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, दोघं दगडाला वारा घालतोय, नव्या बाळंतिणीला घालावा तसा! एकतीस वर्षं. हाताच्या तळव्याला तो गारवा आत्ताही आठवत होता. उन्हात पाय भाजत होते आणि तळव्याखाली लहरींचे माथे गार होते, ओलसर, मातीचा वास येत होता त्यांना. आकाशाकडे तोंड करून पडलेल्या दगडाला भर दुपारी ओल कुठून येईल? हे त्याला कळलं नव्हतं का तेव्हा? की कळलं होतं, आणि कळलेल्यावर त्याने टोपीने वारा घातला? तो काचेत बघत राहिला. वाहतं पाणी थांबलं होतं आणि वाळूच्या लहरी होत्या तशाच होत्या, सगळ्या एका बाजूला तोंड करून, ज्या पाण्याने त्यांना तसं केलं ते निघून गेल्यावरही. त्याने आजवर ज्यांना ज्यांना तुच्छ लेखलं ते एकेक जण त्याला आठवले, संचालक, मुली, छापील फरशा, चमचाभर तेल. कुणाचाही आधार सापडेना. खूण अपुरी आहे, आकाशाची रेघ नाही, असं एकदा मनात म्हणून पाहिलं. खरंही होतं. तेवढ्यावर निभावलं असतं. सिमेंटचा एक हात, आणि भिंत.

"उलटा बसव," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाठ बाहेर. लहरी भिंतीकडे."

गवंडी त्याच्याकडे बघतच राहिला. "साहेब, लोक हसतील हो. पाठीवर बघण्यासारखं आहे काय?"

"हसू दे. चकाकीचा प्रश्नही मिटला."

चार वाजता दालन भरलं. संचालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो पाटवाले, आजचे नवरदेव तुम्ही, आणि चेहरा असा एरंडेल प्यायल्यासारखा? हसा की जरा!" पाहुणे म्हणून बोलावलेले वृद्ध प्राध्यापक पुढच्या खुर्चीत डुलत होते. बायको मागच्या रांगेत कडेला बसली होती, मांडीवर पिशवी. संचालकांनी लाटांवर, कवितेवर आणि निष्ठेवर भाषण केलं आणि दोरी ओढली. पडदा सरकला. भिंतीवर प्लास्टरचे डाग पडलेली एक ओबडधोबड करडी शिळा होती, तिच्यावर एका कोपऱ्यात तीन रेघा. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. "लहरी कुठायत?" कुणीतरी कुजबुजलं. संचालक पाटीकडे बघत होते, शिळेकडे बघत होते, आणि त्यांचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर उतरायला जागा न मिळाल्यासारखं अडकलं होतं. एरवी हे दृश्य त्याला महिनाभर पुरलं असतं.

"लहरी मागे आहेत," तो उठून म्हणाला. "खाणीत हा दगड असाच होता. ही पाठ आकाशाकडे, लहरी खाली. पांढरी खूण मी केली, दगड उलथल्यानंतर, कुणाला न विचारता. तो डोंगर उलटाच आहे. हे ज्याने सांगितलं त्याला आपण घालवला." मग पाटीकडे बघत म्हणाला, "मी घालवला."

वृद्ध प्राध्यापकांनी डोळे उघडले. "पुरावा?" त्यांनी विचारलं.

"खूण अपुरी आहे," तो म्हणाला. "पण रंग लावताना दगड ओला होता. माझ्या हाताला लागला होता."

"पाटवाल्यांचा विनोद आपल्याला ठाऊकच आहे!" संचालक एकदम मोठ्याने म्हणाले आणि त्यांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांना सुटल्यासारखं झालं, त्यांनीही वाजवल्या. चहा आला. कप वाजायला लागले. दहा मिनिटांत शिळेपुढे कुणी उरलं नाही. तो होता, आणि बायको. ती कधी जवळ येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नाही. ती रेघांकडे बघत होती. "दादाला तुम्ही कळवाल की मी कळवू?" तिने नेहमीच्या हळू आवाजात विचारलं.

त्याने फोन लावला. पलीकडे फरशी कापायच्या यंत्राची किरकिर होती. "बोला भावोजी," मेव्हणा म्हणाला. "झाला का कार्यक्रम? बहीण म्हणाली होती सकाळी."

"तुझी खूण सापडली," तो म्हणाला. "पाठीवर. तीन रेघा."

यंत्र थांबलं. कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, शेठ, ही दीड फुटात कापू का? त्याला वाटलं आता शिव्या येतील. यायला हव्यात, चांगल्या कचकचीत, म्हणजे काहीतरी म्हणता येईल. बायको शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले, दिव्यापुढे असत तसे.

"चार आहेत," मेव्हणा म्हणाला.

"काय?"

"रेघा चार आहेत. चौथी आखूड आहे, बाणाच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर. आकाशाची." मग म्हणाला, "नीट बघ, अरे."

तो शिळेजवळ गेला. डाव्या हाताला प्लास्टरचा एक पापुद्रा तसाच राहिला होता, त्याच्याच थापीने त्या संध्याकाळी घाईघाईने दाबून बसवलेला. बोटांचे ठसेसुद्धा होते त्यात. फोन कानाशी तसाच धरून त्याने अंगठ्याचं नख त्याच्या कडेला घातलं. नख दुमडलं, पापुद्रा हलला नाही. बायकोने पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या हातात दिला. तो किल्लीच्या टोकाने खरवडायला लागला, आणि पांढरी पिठी त्याच्या बाहीवर, बुटांवर, त्या नव्या फरशीवर पडत राहिली.